मधल्या सुट्टीचा नकाशा: शाळेच्या आवाराच्या नोंदी

१८ जून २०२४, मंगळवार

शाळा शनिवारी उघडली. दापोली तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव, जिल्हा परिषदेची पहिली ते सातवीची शाळा. पट अठ्ठावन्न, शिक्षक तिघं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी आवाराचा आराखडा काढून ठेवला होता. दर्शनी भागात फुलांचे वाफे, फाटकापासून पायरीपर्यंत पेव्हर ब्लॉक, कुंपणाला लागून झाडं, भिंतीवर सुविचार. मैदानाच्या कडेला चिंचेचं मोठं खोड आडवं पडलेलं आहे, ते हलवायचं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात ही चिंच उन्मळली. फांद्या लोकांनी जळणाला नेल्या. खोडावर मात्र करवत चालेना, म्हणून ते तसंच राहिलं.

आराखडा सहावी-सातवीला दाखवला. "छान आहे, बाई," सगळे म्हणाले. बाईंनी काढलेल्या चित्राला मुलं दुसरं काय म्हणणार? सातवीतली एक मुलगी तेवढी उठून फळ्यापाशी आली आणि वाफ्यांवर बोट ठेवून म्हणाली, "बाई, इथनं पाणी जातं."

मी या शाळेत चार वर्षं आहे. पावसात छत्री घेऊन फाटकातून सरळ वर्गात शिरते. पाणी कुठून येतं आणि कुठं जातं, हे मी कधी थांबून पाहिलेलं नाही. आराखडा गुंडाळून कपाटावर ठेवला.

२४ जून, सोमवार

मोजणी. मीटरपट्टी एकच, म्हणून सुंभाच्या दोरीला मीटरमीटरवर गाठी मारल्या. एका टोकाला पाचवी, दुसऱ्या टोकाला सातवी. आवार ५२ मीटर लांब, २८ मीटर रुंद. गुणाकार १,४५६ चौरस मीटर, म्हणजे साधारण साडेचौदा गुंठे. घरी सगळं गुंठ्यातच बोलतात, त्यामुळे हा आकडा मुलांना लगेच कळला.

कागद पावसात टिकेना. सहावीच्या वर्गातली बाकं बाहेर काढली आणि फरशीवर खडूनं नकाशा काढला, एका मीटरला दहा सेंटिमीटर. मुलं नकाशात उभी राहून सांगायला लागली: "मी आता विहिरीवर आहे", "मी स्वयंपाकघराच्या मागं". पहिलीची मुलंसुद्धा खोड बरोबर दाखवत होती. हातातल्या कागदावर त्यांना हे जमलं नसतं.

संध्याकाळी पुसायच्या आत सगळं एका जुन्या चादरीवर उतरवून घेतलं.

८ जुलै, सोमवार

रात्रभर पाऊस. आज सकाळी पाऊण तास मुलं छत्र्या आणि इरली घेऊन आवारात उभी केली. काम एकच, पाणी बघायचं.

वरच्या अंगाला कातळ आहे, तिथं पाणी मुरत नाही, नुसतं धावतं. पागोळ्यांनी इमारतीच्या कडेनं सरळ रेषेत खळगा पाडला आहे. हे दोन्ही पाणी पायरीसमोर एकत्र येतं आणि मी जिथं फुलझाडांचे वाफे आखले होते, नेमकं तिथूनच फाटकाकडे जातं. तिथून रस्ता ओलांडून पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात. वाफे केले असते तर पहिल्याच मोठ्या सरीत माती रस्त्यावर गेली असती.

दुपारी सातवीला छपराचा हिशेब दिला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचं छप्पर २० मीटर बाय ६ मीटर. आमच्याकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण हिशेबाला तीन हजारच धरला. उत्तर तीन लाख साठ हजार लिटर. एकानं पुन्हा गुणाकार केला, मग तिसऱ्यांदा. एप्रिलमध्ये आमच्या वाडीला एक दिवसाआड पाणी येतं, हे त्याला ठाऊक आहे. त्याला आपलं उत्तर चुकल्यासारखं वाटत होतं.

२६ जुलै, शुक्रवार

आठवडाभर मधल्या सुट्टीची नोंद केली. दर पाच मिनिटांनी कोण कुठं आहे ते चादरीच्या नकाशावर ठिपक्यांनी मांडायचं, मुलगे निळ्या ठिपक्यानं, मुली लाल. ठिपके मुलांनीच दिले, मी फक्त घड्याळ बघितलं.

पावसाचे तीन दिवस आणि उघडीप असलेले दोन दिवस मुलांनी वेगळे ठेवले. ही त्यांची सूचना होती आणि या महिन्यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट तीच ठरली. उघडिपीत मैदानाचा निम्म्याहून जास्त भाग दहा-बारा मुलग्यांच्या क्रिकेटला जातो. मुली कडेकडेनं, खोडाजवळ आणि पायरीवर. पावसात सगळी अठ्ठावन्न मुलं पडवीत. तिथं धावायला जागा नाही, म्हणून ढकलाढकली, म्हणून आमचं ओरडणं. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि पहिले साडेतीन-चार महिने आमच्याकडे आभाळ फाटलेलं असतं. आवार सुधारायचं म्हणजे कोरड्या मैदानाचा विचार करायचा, असं मी धरून चालले होते. कोकणातल्या शाळेला दोन नकाशे लागतात.

९ ऑगस्ट, शुक्रवार

मागच्या आठवड्यात मी विचारलं होतं, "आवारात काय हवं?" यादी आली: घसरगुंडी, झोपाळे, पोहायचा तलाव, कारंजं. सगळं कुठंतरी पाहिलेलं. चूक प्रश्नाची होती. या आठवड्यात वेगळं विचारलं. कुठं बसायला आवडतं? कुठं जायची भीती वाटते? कुठं लपता? कुठं जाणं टाळता?

मग बोलणं सुरू झालं.

स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसायला आवडतं, कारण ती भिंत पावसात ऊबदार असते. विहिरीच्या बाजूला पहिलीतली मुलं जात नाहीत. इमारतीमागं जांभ्याच्या तुकड्यांचा ढीग आहे, तिथं दोघांनी फुरसं पाहिलंय. फुरसं दगडाखाली बसतं, मातीच्या रंगात मिसळून जातं आणि चिडलं की अंगावरचे खवले घासून खरखर आवाज करतं, हे त्यांनी मला सांगितलं. रत्नागिरीकडच्या पोरांना हे शिकवावं लागत नाही. तो ढीग मीच दोन वर्षांपूर्वी "पुढं उपयोगी पडेल" म्हणून ठेवायला सांगितला होता. त्याच दुपारी मोठ्या माणसांकडून, हातात काठी आणि पायात गमबूट घालून, हलवून घेतला.

आणि मुलींच्या गटानं सांगितलं की पावसाळ्यात त्या शौचालयाला जातच नाहीत. वाटेवर शेवाळ असतं, दोघी घसरून पडल्या होत्या. म्हणून सकाळपासून पाणीच कमी पितात.

हे ऐकून मी थोडा वेळ काही बोलू शकले नाही. चार वर्षं या मुली माझ्यासमोर बसतात. माझ्या आराखड्यात शौचालयाची वाट काढलेलीसुद्धा नव्हती. त्या जागी मी सुविचाराची भिंत दाखवली होती.

१४ ऑगस्ट, बुधवार

चिंचोक्यांनी मतदान. प्रत्येकाला तीन चिंचोके, सात कामांच्या सात करवंट्या. आपले तिन्ही एकाच करवंटीत टाकले तरी चालतील. पहिलीलाही तितकेच चिंचोके, यावर सातवीतल्या दोघांनी हरकत घेतली. पहिलीची मुलं सगळ्यात जास्त वर्षं इथं राहणार आहेत, असं सहावीतल्या एकानं म्हटल्यावर ती मिटली.

पहिली आली शौचालयाची वाट, दुसरं पावसात खेळायला छप्पर, तिसरं खोड आहे तिथंच ठेवणं. घसरगुंडी पाचवी.

सध्या "मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा" अभियानाची धावपळ सुरू आहे. शिक्षकांच्या गटांवर रंगवलेल्या भिंतींचे आणि टायरच्या कुंड्यांचे फोटो येतात. मनावर दडपण येतं, हे खरं. पण रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधातली मुलांच्या सहभागाची शिडी मला सारखी आठवते. तिच्या आठ पायऱ्यांपैकी खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत: मुलांना वापरून घेणं, शोभेसाठी उभं करणं आणि नावापुरतं विचारणं. जूनमध्ये मी तिसऱ्या पायरीवर होते. आराखडा तयार करून "कसा आहे?" विचारणं म्हणजे तेच.

त्याच निमित्तानं वाचलेलं आणखी एक: अमेरिकेत बर्कलीच्या वॉशिंग्टन शाळेचं दीड एकर डांबरी आवार १९७० च्या दशकात रॉबिन मूर यांच्या पुढाकारानं उखडलं गेलं. मुलं, पालक, शिक्षक यांनी मिळून तिथं डबकी, झाडी, ओढा तयार केला. आपल्याकडेही हे परकं नाही. कोकणाच्या उत्तर टोकाला कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती. मुलं जिथं आहेत तिथून सुरुवात करायची, हे इथं फार आधी करून झालेलं आहे.

१९ सप्टेंबर, गुरुवार

गणपतीच्या सुट्टीचा अभ्यास तपासला. घरी मुंबईहून सगळे आलेले असतात, आजोबा-आजी निवांत असतात, म्हणून प्रश्न घरच्यांना विचारायला दिले होते. खाऱ्या वाऱ्यात कोणतं झाड टिकतं? पाण्याला वाट कशी द्यायची? शेवाळ कशानं कमी होतं?

उत्तरांत उंडी सर्वांत जास्त वेळा आली. बारमाही हिरवी, वाऱ्याला चिवट. एका आजीनं सांगितलं, पूर्वी उंडीच्या तेलावर दिवे जळायचे आणि होड्यांनाही ते तेल लावायचे. मग भेंड, करवंद, ओवळ. नारळ आवारात नको यावर जवळपास सगळ्या घरांचं एकमत, वरून नारळ पडतो. नारळाच्या गावात हे ऐकायला बरं वाटलं.

शेवाळावर उत्तर एकच: ऊन येऊ दे, पाणी थांबू देऊ नका.

कोकमावर वाद झाला. बीपासून वाढवलेल्या रोपांत साधारण निम्मी झाडं नर निघतात, त्यांना फळ धरत नाही. "बाई, सात-आठ वर्षं पाणी घालून आपलं नर निघालं तर?" म्हणून कलमच लावायचं ठरलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं काढलेली "कोकण अमृता" जात आहे, तिचं कलम बघायचं.

गडग्याचा प्रश्नही मुलांनीच सोडवला. चुन्या-सिमेंटशिवाय नुसते दगड रचून केलेला गडगा पाणी अडवत नाही, म्हणून हद्दीला तोच बरा. पण त्याच्या फटीत फुरसं बसतं. म्हणून गडगा फक्त बाहेरच्या हद्दीला, त्याच्यालगत दोन हात जागा साफ, आणि खेळायच्या जागेत दगडाची एकही रास नाही.

२ ऑक्टोबर, बुधवार

ग्रामसभा. सरपंचांना आधी भेटून विषय घेतला होता. तीन मुलं चादर घेऊन उभी राहिली. मी मागं बसले. बोलायचं नाही असं स्वतःशी ठरवलं होतं आणि ते पाळणं फार जड गेलं.

एक गृहस्थ म्हणाले, "पोरांना काय कळतंय यातलं?" त्यावर जूनमधली तीच मुलगी म्हणाली, "काका, फाटकासमोरचा रस्ता दर वर्षी खचतो ना, ते पाणी आमच्या छपराचं हाय," आणि तिनं तीन लाख साठ हजाराचा हिशेब मांडला. रस्ता दर वर्षी का खचतो हा त्या गृहस्थांचाच जुना प्रश्न होता. ते नकाशाजवळ आले आणि वाकून बघू लागले.

भारतानं १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं कलम १२ सांगतं की मुलाशी संबंधित गोष्टीत त्याचं म्हणणं ऐकलं जावं आणि त्याला वजन दिलं जावं. मी ते वाचून दाखवायचं म्हणून लिहून नेलं होतं. कागद पिशवीतच राहिला.

पऱ्ह्यापर्यंतच्या चराला ग्रामपंचायतीनं होकार दिला.

१६ ऑक्टोबर, बुधवार

विधानसभेची आचारसंहिता कालपासून लागली. नवी कामं थांबली. मुलांना कारण समजावून सांगितलं. त्यांना पटलं नाही, पण समजलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल मतदान, शाळेतच केंद्र. माझी ड्यूटी दुसऱ्या गावात होती. आज चौथीतल्या एकानं सांगितलं: "बाई, माझी आजी रांगेत दमली, ती आपल्या खोडावर बसली. सगळ्या आज्या तिथंच बसल्या."

त्याच रात्री एक वाईट गोष्ट झाली. ऑगस्टमध्ये अभियानाखाली मिळालेली वीस रोपं आम्ही घाईघाईनं कुंपणाला लावली होती. भातकापणीनंतर गुरं मोकळी सुटतात, ती फाटक उघडं राहिल्यानं आत शिरली. सकाळी तीन रोपं उरली होती. दोष गुरांचा नाही आणि फाटक कुणी उघडं ठेवलं याचाही नाही. कुंपण नसताना रोपं लावायचा निर्णय माझा होता. मुलांच्या क्रमात झाडं सहावी होती, आधी गडगा होता. फोटो पाठवायचा होता म्हणून मी क्रम मोडला. हे त्यांना वर्गात सांगितलं.

८ डिसेंबर, रविवार

श्रमदान. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, त्याचा आज उपयोग झाला. सव्वीस माणसं आली. चिरे गावातल्या पडलेल्या एका गोठ्याचे मिळाले. आमच्या पटाच्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान पंचवीस हजार. त्यातच खडू, वीजबिल, डागडुजी. त्यामुळे चिरे विकत घेणं शक्य नव्हतं.

गवंडीकाकांनी मुलांना लेव्हलची नळी दाखवली. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन ठिकाणी धरायची, दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच राहते. तिच्यावरून वाटेचा उतार मुलांनी काढला: वीस मीटरला वीस सेंटिमीटर. चिरे उचलायला फक्त मोठी माणसं. मुलांनी दोरी धरली, खुणा केल्या आणि एका ठिकाणी काकांना थांबवलं, कारण नळीत पाणी चार बोटं वर दिसत होतं. काकांनी तीन चिरे काढून पुन्हा बसवले, एकही शब्द न बोलता. मला वाटतं, आजच्या दिवसात मुलांनी सगळ्यात जास्त शिकलेली गोष्ट ती असेल.

चिऱ्यांची खडबडीत बाजू वर, मधे बोटभर फट, फटीत खडी. वाटेवर झुकलेल्या फांद्या छाटल्या, ऊन थेट खाली आलं.

२२ डिसेंबर, रविवार

खोड. काही पालकांना ते अजूनही "अडगळ" वाटतं. सुतारकाकांनी ठोकून पाहिलं. एक टोक वाळवीनं पोखरलेलं, ते कापून टाकलं. उरलेलं टणक आहे. टोकदार फांदोरे तासून गोल केले. पहिली-दुसरीची मुलं त्याला "होडी" म्हणतात, सुकाणू कुठलं आणि नाळ कुठली हे ठरलेलं आहे. मोठ्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

२६ जानेवारी २०२५

झेंडावंदनानंतर ग्रामसभेत मुलांनी काय झालं, काय राहिलं ते सांगितलं. चर झाला. गडगा अर्धा. छप्पर नाही.

२० मार्च, गुरुवार

शिमग्यानंतर पुन्हा मधल्या सुट्टीचे ठिपके घेतले. मैदानाचे वार मुलांनीच वाटून घेतलेत. दोन दिवस क्रिकेट, दोन दिवस लंगडी आणि खो-खो, बाकी दिवस सगळ्यांचे. तक्रारी आहेतच. लगोरीचा एक गट वेगळा दिवस मागतोय. पण लाल ठिपके आता मैदानाच्या मधोमध दिसतात.

विहीर खाली गेलीय. जेवणानंतर हात आणि ताटं धुवायचं पाणी एका पन्हळीतून परसबागेकडे वळवलं, ही कल्पना पाचवीची. घरी मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ असते, तेच इथं. डोई दोन लिटर धरलं तरी दिवसाला ११६ लिटर. अळू जोरात आहे. परवाच्या आमटीत पडलं.

उंडीच्या बिया पिशव्यांत लावल्या आहेत. कवच फोडून लावलेल्या आधी उगवल्या, न फोडलेल्या अजून मातीत. जूनपर्यंत रोपं तयार व्हावीत. या वेळी ती पाऊस लागल्यावर आणि गडग्याच्या आतच लावायची.

२५ एप्रिल, शुक्रवार

सातवीचा शेवटचा पेपर. दुपारी त्यांनी चादर आणि नोंदवही सहावीच्या हाती दिली. पावसात खेळायचं छप्पर जिथं व्हायचंय तिथं त्यांनी चार खांबांच्या खुणा जमिनीत ठोकून ठेवल्या आहेत, पागोळीपासून तीन मीटरवर. मांडवासारखं, पण कायमचं. पैशाची वाट बघायची आहे.

जूनमधल्या त्या मुलीनं जायच्या आधी चादरीवर नव्या वाटेच्या वळणापाशी पेन्सिलीनं एक गोल काढला. तिथं चर वळतो आणि कातळाचं पाणी बाजूनं येऊन मिळतं. "बाई, हे आम्ही कोरड्यात बांधलंय," ती म्हणाली. "पहिल्या मोठ्या पावसात इथं कुणीतरी उभं राहायला हवं."

सहावीतल्या दोघांनी आपली नावं त्या गोलाजवळ लिहिली आहेत.